मागावर विणलेली मोटार

सोलापूर-धुळे महामार्ग वाशी तालुक्यातील पारगावजवळून जातो. नवरात्रात किंवा पौर्णिमेच्या आगेमागे या रस्त्यालगत घटकाभर उभे राहिले, तर तुळजापूरकडे निघालेल्या भाविकांच्या गाड्यांची रीघ दिसते. त्यात टोयोटाच्या गाड्या हमखास असतात. पूर्वी क्वालिस असे, नंतर इनोव्हा आली. आठ-नऊ माणसे, टपावर बोचकी, पुढच्या काचेवर देवीचे नाव आणि तरीही तक्रार न करता घाट चढणारी गाडी, अशी या कंपनीची आपल्याकडची ओळख आहे. भरवशाची, थोडी संथ आणि बरीचशी संसारी.

याच कंपनीने एके काळी ताशी ३२५ किलोमीटर वेगाने धावणारी एक मोटार घडवली होती, हे मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. 'लेक्सस एलएफए' हे तिचे नाव. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत अशा फक्त ५०० गाड्या तयार झाल्या. त्यानंतर तिचे उत्पादन थांबले ते कायमचे. वेगवान गाड्या जगात पुष्कळ आहेत आणि एलएफएपेक्षा वेगवान गाड्या तेव्हाही होत्या. तरी तिचा इतिहास समजून घ्यावा असा आहे, कारण या गाडीचा सांगाडा चक्क मागावर विणलेला होता. शिवाय ज्या धाग्याने टोयोटा कंपनी जन्माला आली, त्याच धाग्याचे एक टोक महाराष्ट्रातील एका घराण्याशी आणि आता मराठवाड्याशीही येऊन जुळते.

सुताराचा मुलगा आणि स्वतः थांबणारा माग

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा. वडील सुतार होते. घरोघरी बाया रात्री जागून हातमाग चालवत, ते कष्ट पाहून या मुलाने माग सुधारण्याचा ध्यास घेतला. १८९१ मध्ये त्यांना लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. पुढे वाफेवर चालणारा यंत्रमाग आला आणि १९२४ मध्ये त्यांचा सर्वांत नावाजलेला 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धोट्यातील सूत संपले की माग न थांबता धोटा आपोआप बदलला जाई. ताण्यातला एखादा धागा तुटला, की मात्र माग स्वतःहून थांबे.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस काढले आहेत, त्यांना या दुसऱ्या गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही. धागा तुटला आणि माग चालूच राहिला, तर पुढचे कापड वाया जाते. म्हणून प्रत्येक मागावर डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागतो. माग स्वतःच थांबत असेल, तर एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो. चूक झाली की तिथेच थांबायचे, ती पुढे जाऊ द्यायची नाही, हे तत्त्व टोयोटाने पुढे मोटारींच्या कारखान्यातही आणले. जपानी भाषेत त्याला 'जिदोका' म्हणतात. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आज ते शिकवले जाते. त्याचा उगम एका तुटलेल्या धाग्यात आहे.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीशी या मागाच्या पेटंटहक्काचा एक लाख पौंडांचा करार झाला. वस्त्रयंत्रे बनवणारी ती त्या काळातील बलाढ्य कंपनी होती आणि तिची यंत्रे भारतातील अनेक गिरण्यांतही धडधडत होती. साकिचींचे पुत्र किइचिरो यांना मोटारींचे वेड होते. मागाच्या कारखान्यातच १९३३ मध्ये मोटारींचा विभाग सुरू झाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्र झाली. 'टोयोडा'चे 'टोयोटा' झाले, त्यालाही एक गमतीदार कारण आहे. जपानी लिपीत 'टोयोटा' हा शब्द आठ फटकाऱ्यांत लिहिला जातो आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात.

पहिला प्रयत्न : टू थाउजंड जीटी

एलएफएची खरी पूर्वज म्हणजे 'टोयोटा टू थाउजंड जीटी'. १९६५ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९६७ ते १९७० या काळात तिची निर्मिती झाली. युद्धात पोळलेल्या आणि स्वस्त, साध्या वस्तू बनवणारा देश अशी ख्याती असलेल्या जपानने युरोपच्या तोडीची क्रीडामोटार बनवावी, याचे तेव्हा मोठे अप्रूप होते. दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, १५० अश्वशक्ती आणि ताशी सुमारे २२० किलोमीटर वेग ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ऑक्टोबर १९६६ मध्ये यातबे येथील चाचणीमार्गावर ही गाडी सलग तीन दिवस आणि तीन रात्री पळवण्यात आली आणि तिने वेग व टिकाऊपणाचे अनेक आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवले. १९६७ च्या जेम्स बाँडपटातही ती झळकली. एकूण गाड्या मात्र साडेतीनशेच्या आसपासच तयार झाल्या.

या गाडीच्या जडणघडणीत यामाहा कंपनीचा मोठा वाटा होता. यामाहा म्हटले की आपल्याकडे 'आरएक्स हंड्रेड' मोटारसायकल आठवते, पण ही कंपनी मुळात वाद्ये बनवणारी आहे. १८८७ मध्ये तोराकुसु यामाहा या कारागिराने एका शाळेतला बिघडलेला पायपेटीसारखा ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून कंपनीचा प्रवास सुरू झाला. टू थाउजंड जीटीच्या दर्शनी फळीवरचे लाकूडकाम पियानो घडवणाऱ्या याच वाद्यविभागाने केले होते. मागवाले आणि पेटीवाले यांनी मिळून बनवलेली ही गाडी होती. चाळीस वर्षांनी हीच जोडी पुन्हा एकत्र आली.

पाच वर्षांचे काम बाजूला

एलएफएचा प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला. मुख्य अभियंता होते हारुहिको तानाहाशी. लेक्सस ही टोयोटाची उंची गाड्यांची शाखा १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली होती. तिच्या गाड्या शांत, आरामशीर आणि बिनतक्रार म्हणून नावाजल्या गेल्या, पण त्यांत जीव नाही, अशी टीकाही होत असे. ती पुसून टाकणारी एक गाडी बनवायची, एवढेच उद्दिष्ट होते. किती खर्च करायचा आणि किती वर्षांत संपवायचे, याचे बंधन सुरुवातीला फारसे नव्हते.

जानेवारी २००५ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात गाडीचे पहिले रूप दाखवण्यात आले. तोपर्यंत सांगाडा अॅल्युमिनियमचा होता. याच सुमारास तानाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. अॅल्युमिनियम सोडायचे आणि कार्बन फायबरकडे वळायचे, असे ठरले. म्हणजे पाच वर्षांच्या कामातील बराच भाग बाजूला ठेवून पुन्हा आरंभापासून मांडणी करायची. लाभ होता तो सुमारे १०० किलो वजन वाचण्याचा.

शंभर किलोसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वेगवान गाडीत वजन हाच खरा शत्रू असतो. इंजिनाची ताकद वाढवली, तर ती सरळ रस्त्यावर उपयोगी पडते. वजन कमी केले, तर गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर टायरांवर ताणही कमी येतो. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीला उतारावर थांबवताना ट्रॅक्टरचालकाची जी त्रेधा उडते, तिच्यामागेही हाच नियम आहे.

कार्बनचा धागा आणि गोल माग

कार्बन फायबर म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. एका विशिष्ट कृत्रिम धाग्याला प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापमानाला तापवले, की त्यातील इतर द्रव्ये निघून जातात आणि जवळजवळ शुद्ध कार्बनचा तंतू उरतो. हा तंतू माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. असे हजारो तंतू एकत्र करून दोरा होतो. दोऱ्याचे कापड विणतात, ते साच्यावर बसवतात आणि त्यात राळ भरून ती कडक करतात. तयार होणारी वस्तू पोलादापेक्षा खूप हलकी आणि त्याच वजनाच्या पोलादापेक्षा कितीतरी बळकट असते. विमानांत आणि शर्यतीच्या गाड्यांत तिचा वापर आधीपासून होता.

अडचण अशी, की ताकद असते ती धाग्याच्या दिशेने. कापडात धागे उभे-आडवे, म्हणजे ताणा आणि बाणा अशा दोनच दिशांना असतात. गाडीचा पुढच्या काचेशेजारचा खांब मात्र वाकडा, पोकळ आणि कमी-अधिक जाडीचा असतो. गाडी उलटली तर छताचा भार त्याच्यावरच येतो. सपाट कापडाचे तुकडे जोडून असा खांब केला, तर नेमक्या जोडाच्या ठिकाणी तो कच्चा राहतो. खांब जाड करावा, तर चालकाला वळणावरचे दिसत नाही.

यावरचे उत्तर टोयोटाला आपल्याच घरात सापडले. पिढीजात मागविद्येच्या आधाराने त्यांनी गोल माग बनवला. त्यात मधोमध खांबाच्या आकाराचा साचा असतो. भोवती मोठ्या कड्यावर कार्बनच्या दोऱ्याच्या कांड्या असतात. साचा हळूहळू पुढे सरकतो आणि चहूबाजूंनी येणारे दोरे त्याच्याभोवती तिरपे-उभे विणले जातात, अगदी एखाद्या मुलीच्या वेणीचे पेड पडावेत तसे. एका थरावर दुसरा असे अनेक थर चढतात. तयार होते ती एकसंध, बिनजोडाची, पोकळ नळी. पुढच्या काचेशेजारचे खांब आणि छताच्या कडा अशा रीतीने विणल्या गेल्या. असे माग तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. गाडीच्या सांगाड्याचा सुमारे ६५ टक्के भाग कार्बन फायबरचा आणि उरलेला अॅल्युमिनियमचा होता. गाडीचे वजन भरले १,४८० किलो.

साकिचींनी लाकडी मागाचे पेटंट घेतले, त्याला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. माग विकून मोटार बनवायला निघालेल्या कंपनीने आता मागावरच मोटार विणली होती.

तार सप्तकातला तीव्र मध्यम

एलएफएचे इंजिनही तितकेच वेगळे होते. ४.८ लिटरचे, 'व्ही' आकारात मांडलेल्या दहा सिलिंडरचे हे इंजिन यामाहाच्या साहाय्याने तयार झाले. त्याची ताकद होती ५६० अश्वशक्ती. सिलिंडरच्या दोन रांगांमधील कोन ७२ अंशांचा ठेवला होता. त्यामागे साधे गणित आहे. इंजिनाचे दोन फेरे म्हणजे ७२० अंश. तेवढ्यात दहाही सिलिंडरमध्ये एकेकदा ज्वलन होते. म्हणजे बरोबर प्रत्येक ७२ अंशांना एक ठिणगी पडते आणि इंजिन एका लयीत फिरते.

आपल्याकडील डिझेल गाडीचे इंजिन मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत गेले की कण्हू लागते. एलएफएचे इंजिन ९ हजार फेऱ्यांपर्यंत बिनधोक जाई. संथ अवस्थेतून ९ हजारांपर्यंत पोचायला त्याला केवळ ०.६ सेकंद लागत. डोळ्याची पापणी दोन-तीनदा लवेल, तेवढाच हा अवधी. फेरे दाखवणाऱ्या नेहमीच्या तबकडीतला काटा एवढ्या वेगाने धावू शकत नाही. म्हणून या गाडीत काटाच ठेवला नाही, त्याऐवजी पडद्यावर काट्याचे चित्र उमटवले. आज साध्या दुचाकीतही असा पडदा दिसतो, पण एलएफएमध्ये तो हौस म्हणून नव्हे, तर गरज म्हणून आला.

आता आवाजाविषयी. ९ हजार फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला १५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पाच स्फोट, म्हणजे सेकंदाला ७५० कंपने. पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला, तर हा स्वर तार सप्तकातील तीव्र मध्यमाच्या आसपास येतो. नुसता गोंगाट आणि स्वर यांत फरक असतो तो त्याच्या पटीतल्या उपस्वरांचा, हे तानपुरा जुळवणारा कोणीही सांगेल. यामाहाने आपल्या वाद्यविभागातील जाणकारांना या कामी बसवले. इंजिन हवा घेते त्या कोठीचा आकार वाद्याच्या पोकळीसारखा विचारपूर्वक ठरवला आणि तिथला नाद नळ्यांतून चालकाच्या कानापर्यंत पोचेल अशी योजना केली. कर्णा लावून किंवा सायलेन्सरची जाळी काढून केलेला हा आवाज नव्हता. गावात रात्री-बेरात्री पुंगळी काढलेल्या मोटारसायकली फिरवणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे.

प्रत्येक इंजिन एका कारागिराने हाताने जुळवले आणि त्यावर त्याच्या स्वाक्षरीची पट्टी लावली. टोयोटा सिटीतील मोतोमाची कारखान्यात निवडक, सुमारे १७० जणांचे पथक या कामावर होते. दिवसाला साधारण एक, म्हणजे महिन्याला वीस गाड्या बाहेर पडत. दर मिनिटाला गाडी बाहेर काढणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ही गती पुरातन काळातली होती.

नारुसे यांची शिकवण

एलएफएची गोष्ट हिरोमु नारुसे यांच्याशिवाय अपुरी राहील. ते टोयोटाचे मुख्य चाचणीचालक होते. कंपनीत ते मेकॅनिक म्हणून लागले आणि पुढे गाडी चालवताच तिचा दोष सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली. साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा हे कंपनीत वरच्या पदावर असताना नारुसे यांनी त्यांना स्पष्ट ऐकवले होते, की ज्याला गाडी नीट चालवता येत नाही, त्याने गाडीविषयी मते देऊ नयेत. मालकाच्या घरातल्या माणसाला असे बोलणे जपानी रिवाजात तर अघटितच. पण अकिओ यांनी राग न धरता त्यांचे शिष्यत्व पत्करले. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या वीस किलोमीटरहून लांब, डोंगराळ, अवघड वळणांच्या शर्यतमार्गावर ते गाडी चालवायला शिकले. पुढे 'मोरिझो' असे टोपणनाव घेऊन ते तेथील २४ तासांच्या शर्यतीत एलएफएच्या चाचणीगाडीसह उतरले. जून २००९ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियो प्रदर्शनात एलएफएचे अंतिम रूप जगापुढे आले.

तो काळ मोठ्या जागतिक मंदीचा होता. टोयोटाने नोव्हेंबर २००९ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींतून अंग काढून घेतले. ज्या शर्यतींच्या प्रेरणेने दहा सिलिंडरचे इंजिन निवडले होते, त्या शर्यतींतून तसली इंजिने तीन-चार वर्षांपूर्वीच बाद झाली होती. तरीही एलएफएचा प्रकल्प टिकला.

२३ जून २०१० रोजी नारुसे न्यूरबुर्गरिंगजवळच्या सार्वजनिक रस्त्यावरून एलएफएची चाचणीगाडी चालवत होते. समोरून येणाऱ्या गाडीशी धडक झाली आणि त्यांचा जागीच अंत झाला. त्यांचे वय ६७ होते. ज्या माणसाने आयुष्यभर जगातील सर्वांत कठीण मार्गावर गाड्या पळवल्या, तो गेला साध्या रस्त्यावर. शर्यतमार्गावर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात. रस्त्यावर समोरून कोणीतरी येत असते. हातातले कौशल्य आणि बुडाखालची उत्तम गाडी, या दोन्ही गोष्टी असूनही हा फरक पुसला जात नाही. आपल्या महामार्गावर भरधाव ओव्हरटेक करणाऱ्या तरुणांनी या गोष्टीतून दुसरे काही घेतले नाही, तरी एवढे घ्यावे.

ऑगस्ट २०११ मध्ये एलएफएच्या विशेष आवृत्तीने त्याच न्यूरबुर्गरिंगवर ७ मिनिटे १४.६४ सेकंदांत एक फेरी पूर्ण केली. २०१२ च्या २४ तासांच्या शर्यतीत एलएफए आपल्या गटात पहिली आली. ते पाहायला नारुसे नव्हते.

हिशेब काय झाला?

एलएफएची अमेरिकेतील किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर होती. इतकी किंमत असूनही कंपनीने या गाडीत पैसा मिळवला, असे कोणी म्हणत नाही. दहा वर्षे संशोधन करायचे, मध्येच पाया बदलायचा आणि ५०० गाड्या विकून थांबायचे, यातून नफा निघणे शक्यच नव्हते. विक्रीही सुरुवातीला रखडली. इतकी किंमत देणाऱ्यांना इटालियन नावाची गाडी हवी होती, जपानी नव्हे. आज मात्र हीच गाडी लिलावात दहा लाख डॉलरच्या घरात आणि काही वेळा त्याच्याही पुढे जाते.

तिचा गिअरबॉक्स त्या काळच्या स्पर्धकांच्या तुलनेत धसमुसळा होता. तिच्याहून कमी किमतीत तिच्याइतकाच वेग देणारी जपानी 'निस्सान जीटी-आर' बाजारात होती. हे दोष दडवण्यात अर्थ नाही. पण कंपनीने तिच्याकडे विक्रीची वस्तू म्हणून पाहिलेच नव्हते. कार्बनचे काम, हलक्या सांगाड्याचे गणित आणि हाताने जुळणी करणाऱ्या कारागिरांची एक पिढी, ही खरी कमाई होती. एलएफए बंद झाल्यावर मोतोमाचीतील त्याच जागेत २०१४ पासून 'मिराई' ही हायड्रोजनवर चालणारी मोटार हाताने जुळवली जाऊ लागली. अत्युच्च दाबाचा हायड्रोजन साठवायला लागणाऱ्या तिच्या टाक्या कार्बनच्या धाग्यांचे वेढे देऊन बनवल्या जातात. हीच मिराई मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी भारतात प्रायोगिक तत्त्वावर आणली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते तिच्यातून संसदेत गेले. ते छायाचित्र आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिले आहे. तिच्यामागे एलएफएच्या कार्यशाळेचा वारसा आहे, हे मात्र बातम्यांत आले नाही.

जपानमध्ये इसे येथे एक प्राचीन मंदिर आहे. दर २० वर्षांनी ते शेजारच्या जागेवर नव्याने बांधले जाते. जुने मोडकळीस आले म्हणून ते बांधत नाहीत. जुन्या सुतारांची विद्या नव्या सुतारांच्या हातात उतरावी, हाही त्यामागचा एक मोठा हेतू असतो. डिसेंबर २०२५ मध्ये टोयोटाने 'जीआर जीटी' ही नवी क्रीडामोटार आणि एलएफए याच नावाची विजेवर चालणारी संकल्पना-मोटार दाखवली, तेव्हा कंपनीने याच प्रथेचा दाखला दिला. टू थाउजंड जीटी, मग एलएफए आणि आता ही नवी गाडी. प्रत्येक वेळी जुन्या हातांनी नव्या हातांना शिकवायचे.

किर्लोस्करांचा धागा

आता महाराष्ट्राकडे वळू. साकिची टोयोडा यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी तो नांगर घ्यायला सुरुवातीला तयार नव्हते. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकाने विणकरणीचे कष्ट पाहिले, दुसऱ्याने शेतकऱ्याचे. दोघांच्या उद्योगाची सुरुवात शेजारच्या माणसाच्या गरजेतून झाली.

या दोन घराण्यांची गाठ पडली तीही वस्त्रयंत्रांच्या निमित्तानेच. किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ मध्ये टोयोटा समूहाशी भागीदारी करून बंगळूरजवळ सूतकताईची यंत्रे बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्या परिचयातून १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी उभी राहिली आणि २००० मध्ये बिडदीच्या कारखान्यातून क्वालिस रस्त्यावर आली. तुळजापूरची वाट तुडवणाऱ्या त्या गाडीचा धागाही असा सूतयंत्रापर्यंत जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम किर्लोस्कर यांचे निधन झाले.

३१ जुलै २०२४ रोजी या कंपनीने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बिडकीन येथे नवा मोटार कारखाना उभारण्याची ही योजना आहे. सुमारे २० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि आठ हजार जणांना प्रत्यक्ष रोजगार, असे आकडे शासनाने तेव्हा सांगितले. बिडकीन हे पैठण तालुक्यात, संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ज्या पैठणच्या मागांनी शतकानुशतके रेशीम आणि जर विणून पैठणी घडवली, त्याच वाटेवर मागातून जन्मलेली ही कंपनी येऊ पाहत आहे. योगायोग खराच, पण अर्थपूर्ण.

वाशी, भूम, कळंबचा तरुण कामासाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला जातो, तो बहुतेक वेळा कंत्राटी कामगार म्हणून. पेच आवळणे, पेट्या उचलणे, वर्षभराने दुसरा कारखाना, हा त्याचा क्रम ठरलेला असतो. हातात कसब येण्याआधी गेटपास संपतो. एलएफएच्या इंजिनावर जो कारागीर स्वाक्षरी करत होता, तोही सुरुवातीला साधा कामगारच होता. फरक एवढाच, की त्याच्या कारखान्याने त्याच्या शिकण्यावर वर्षानुवर्षे खर्च केला आणि ते नुकसान मानले नाही. बिडकीनला कारखाना उभा राहील तेव्हा किती एकर जमीन गेली आणि किती कोटी आले, याची चर्चा पुष्कळ होईल. आपल्या आयटीआयमधून निघालेल्या मुलांना तिथे नुसते काम मिळणार आहे की विद्या, हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे आणि तो विचारण्याची वेळ करारानंतरची नव्हे, आत्ताची आहे.

ताशी ३२५ किलोमीटर वेगाची गाडी आपल्या रस्त्यांना नको आहे आणि परवडणारीही नाही. पण तुटलेला धागा दिसताच माग थांबवायचा, चूक पुढे जाऊ द्यायची नाही आणि आपल्या हातचे काम पुढच्या हातात सोपवायचे, ही विणकराची शिस्त मात्र कुठल्याही रस्त्यावर चालते. ती आपल्याकडच्या मागावरही होतीच. पैठणीच्या पदरावरचा एखादा मोर जुळायला किती दिवस लागतात, हे तिथल्या कारागिराला विचारून पाहावे.